वैशाखातले चेहरे

जनार्दन बिवलकर याने वैशाखात काढलेल्या फोटोंतले चेहरे तीन-चार वर्षांत नाहीसे होत. मार्गशीर्षात काढलेल्या फोटोंतले होत नसत. काळे कोट, टोप्या, खुर्चीचे पाय आणि गडद लुगडी मात्र दोन्हींत जागच्या जागी असत.

"फोटोमास्तर, ह्यात माझी बायको कुठं हाय ती जरा दाखवा," असे म्हणत केरूने काखेतली तसबीर दुकानाच्या फळीवर उताणी ठेवली. केरू लांज्याकडच्या एका खेड्यातला, मुंबईच्या गिरणीत कामाला. १९३४ च्या दसऱ्याला घरी आला होता आणि परत बोटीवर चढण्यापूर्वी एवढे एक काम उरकायला रत्नागिरीत थांबला होता. तसबिरीत एक कोट होता आणि त्याच्या शेजारी एक लुगडे होते. जिथे तोंडे असायची तिथे फिकट पिवळा कागद होता.

"चुलीचा धूर लागला," जनार्दन म्हणाला. "स्वयंपाकघरात टांगली असशील."

"पडवीत टांगली हाय. आणि तिच्याच बाजूला माझ्या भावाची, शिवाची हाय. माझा लगीन वैशाखात झाला, त्याचा मार्गशीर्षात. भिंत तीच, खिळा तसाच. त्याची बायको बघा कशी टकामका बघते, आणि माझी नुसती उभी हाय, डोक्याबिगर."

"काचेत फरक असेल."

"काचा दोन्ही तुमच्याच." केरूला आता रंग चढला. "सासरा काय म्हणतो म्हाईत हाय? पोरगी दिली ती दिली, फोटोतलीपण न्हेलीस काय रे मुंबईला?"

दुकानातली दोन गिऱ्हाइके हसली. जनार्दनही हसला. मग दमट भिंत, त्यात धूर, आणि शेवटी रसायन ते रसायनच, असे काहीबाही सांगून त्याने पुढच्या खेपेस दोघांचा नवा फोटो फुकट काढून देण्याचे कबूल केले.

"आणीन की," तसबीर उचलत केरू म्हणाला. "पण आता ती तीन पोरांची आय हाय. तेव्हाची कुठनं आणू?"

जनार्दनाने हे दुकान १९२६ च्या विजयादशमीला उघडले होते. इंटर सायन्सला रसायनशास्त्रात वर्गात पहिला येऊन गणितात नापास झालेल्या मुलाला कचेरीत चिकटवण्याची वडिलांची खटपट त्याने मोडून काढली आणि मुंबईत एका भाटिया व्यापाऱ्याच्या फोटोसामानाच्या पेढीवर दोन वर्षे उमेदवारी केली. निरोप घेताना त्या व्यापाऱ्याने त्याला तीन गोष्टी सांगितल्या. दिलेली वेळ पाळावी. कुठलीही वस्तू वाया जाऊ देऊ नये. आणि गिऱ्हाइकाने काही विचारले तर 'माहीत नाही' असे उत्तर कधी देऊ नये. दुकानदारालाच माहीत नसेल तर गिऱ्हाईक दुसरे दुकान बघते. ग्रहणात गरोदर बाईने सुरी धरू नये या समजुतीचा पुरावा मागणाऱ्या जनार्दनाने ही तीन वाक्ये मात्र काहीही न विचारता वहीच्या पहिल्या पानावर उतरवली.

पहिल्या वाक्याने दुकान चालवले. गावात आणखी एक फोटोवाला होता. तो आठ दिवसांनी फोटो देई. खेड्यातल्या वऱ्हाडाला आठ दिवसांनी पुन्हा दहा कोस तुडवणे कुठले परवडायला? जनार्दनाने पाटी लावली : 'लग्नाचा फोटो वऱ्हाड निघण्यापूर्वी हातात.' सकाळचा मुहूर्त, दुपारी पंगती, पाचच्या सुमारास वऱ्हाडाच्या गाड्या जुंपायच्या. अक्षता पडल्या की जनार्दन नवरानवरीला मांडवाबाहेर उजेडात उभे करी, काळ्या फडक्याखाली डोके घालून काचेवर त्यांची छबी घेई, आणि तडक घरी येऊन अंधाऱ्या खोलीत ती काच रसायनात काढून तिच्यावरून कागदावर फोटो छापी. पुढचे काम त्याच्या बायकोचे, सावित्रीचे. फोटो हायपो नावाच्या मिठाच्या पाण्यात पक्का झाला की तो साध्या पाण्यात धुऊन काढणे, पडवीतल्या दोरीवर वाळवणे आणि चौकटीत बसवणे. पाचाच्या आत जनार्दन तसबीर घेऊन मांडवात हजर. दोन हंगामांत संगमेश्वरापासून पावस गावापर्यंतची, लग्नाला शहरात येणारी वऱ्हाडे त्याच्याकडे आली.

दुसऱ्या वाक्यासाठी त्याने काचा वाया जाऊ दिल्या नाहीत. छबी उतरलेली काच जपून ठेवली तर तिच्यावरून हवा तेव्हा नवा फोटो निघतो, हे खरे. पण सात वर्षांत नवा फोटो मागायला आलेली माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती, आणि चौकटींना काचा रोज लागत. म्हणून १९३३ च्या श्रावणात त्याने आदल्या वर्षापर्यंतच्या सगळ्या काचा सोड्याच्या गरम पाण्यात खरवडून लख्ख केल्या आणि तसबिरींना लावल्या.

तिसरे वाक्य तो रोजच पाळत होता. घाटाकडच्या गिऱ्हाइकाला धूर, बंदराकडच्याला खारी हवा, शहरातल्याला खिडकीतले ऊन. एका परिणामाला तीन कारणे, आणि तिन्हींपैकी एकही तपासलेले नाही. रसायन शिकलेल्या माणसाला हे खटकायला हवे होते. खटकतही होते, पण दुकान उघडे असताना नाही.

केरू गेल्यावर आठवड्याभराने राजिवड्याहून कुलसुमबी आली. पन्नाशीची, अंगाने बारीक, हातात रुमालाची घडी. फळीपाशी न येता ती उंबऱ्यातच उभी राहिली. गिऱ्हाईक निघून गेल्यावर पुढे आली आणि तिने रुमाल उलगडला.

"माझा फारुक हाय हा."

पोस्टकार्डाएवढा फोटो होता. एक उंच काळी टोपी, एक काळा कोट, कोरीव हाताची खुर्ची. टोपी आणि कोट यांच्यामध्ये भुवयांच्या दोन पुसट रेघा आणि खाली मिशीची एक.

जनार्दनाला तो मुलगा आठवला. बोटीवरच्या नोकरीच्या कागदाला फोटो हवा म्हणून आला होता, पावसाळ्यासाठी बोटी बंद व्हायच्या आधी. कोट आखूड होता. "मास्तर, मनगटं झाकून काढा हां, आय म्हणेल कुणाचा कोट घालून गेला," असे म्हणाला होता. जाताना 'एक आईला' म्हणून दुसरी प्रत घेतली होती.

"कसा आहे तो?"

"गेला. बंदरात ताप आला, तिकडंच माती दिली. दोन महिनं झाले कागद येऊन." ती एका सुरात बोलत होती, हे तिने पुष्कळांना सांगून झाले असावे. "तो होता तवर हा कागद कशाला बघू? पेटीत ठेवलेला. परवा काढला, तर हा असा. तुमी दुसरा काढून द्या, मास्तर. तुमच्याकडं काच असते म्हणतात."

काच नव्हती. ती त्याने स्वतःच्या हातांनी खरवडून धुतली होती, हे जनार्दनाला तिचे बोलणे संपायच्या आत आठवले. "बघतो," तो म्हणाला.

"पण असा झाला कसा?"

"खारी हवा," जनार्दन म्हणाला. "राजिवड्याला खाडी दाराशी. ओलसर वारा लागतो."

"पेटीत हवा जाते?"

"पेटी उघडताना, झाकताना..."

कुलसुमबीने फोटोकडे पाहिले. "मीच उघडली असेल मग. ईदीला लुगडा काढायला उघडायची." मग तिने आवाज खाली केला. "आमचा रमजान, माझा भाऊस, तो म्हणतो की तसबीर ठेवलीस, गुन्हा झाला, म्हणून अल्लानं तोंड पुसलान. मना वाटायचा तो खोटा बोलतो. आता तुमीपण सांगता की माझ्याच घरात झाला."

"तसं नाही—"

"नाय, नाय. तुमी शिकलेली माणसं. माझीच चूक. फोटो ठेवते तुमच्याकडं, काच गावली तर बघा." आणि तिने माफी मागावी तसे हात जोडले.

ती गेल्यावर जनार्दनाने दुकानाची फळी वर केली. दुपारचे तीन वाजले होते. या वेळी दुकान बंद करण्याची ही पहिलीच खेप. पत्र्याच्या पेटीत, रुमालाच्या घडीत, अंधारात ठेवलेल्या कागदाला ना धूर लागतो ना ऊन. हवा म्हणावी, तर तीच हवा फोटोतल्या टोपीला आणि कोटालाही लागली असणार. तरी खारी हवेचे कारण त्याने त्या बाईला सांगितले होते, आणि तिने ते मानले होते. देवाचा कोप मानणाऱ्या माणसांना तो आजवर हसत आला होता. आज त्याने रमजानच्या म्हणण्याला शास्त्राची साक्ष काढून दिली होती.

त्याने कामाची वही काढली. कुणाचा फोटो कधी काढला याची तारीखवार नोंद तिच्यात होती. आठवतील तेवढ्या तक्रारी त्याने नावांपुढे खुणा करून मांडल्या. केरू, वैशाख. फारुक, वैशाख. एकवीस खुणा झाल्या, आणि एकवीसही वैशाखाच्या. शिवा मार्गशीर्षातला, त्याच्यापुढे खूण नव्हती. शिवाय १९२७ आणि २८ च्या वैशाखांतल्या एकाही नावापुढे खूण नव्हती. जे काही होत होते ते १९२९ पासून आणि वैशाखातच होत होते.

कॉलेजात शिकलेली एक परीक्षा त्याला आठवली. हायपो फोटो पक्का करतो, पण काम झाल्यावर तो कागदातून पुरता धुऊन काढावा लागतो. राहिला तर तोच पुढे सावकाश चित्र खातो. आधी उजळ भाग, म्हणजे चेहरे आणि हात. गडद भाग शेवटी. राहिला की नाही हे बघायचे तर विहिरीत टाकण्याच्या जांभळ्या पुडीचे पाणी पुरते. साध्या पाण्यात त्याचा जांभळा रंग टिकतो, हायपो असेल तर उडतो. नगरपालिकेच्या माणसाने दिलेली पूड कोनाड्यात होतीच.

त्याने काचेचे दोन पेले घेतले. एकात गेल्या मार्गशीर्षातला एक न नेलेला फोटो भिजवला, दुसऱ्यात यंदाच्या वैशाखातला. अर्ध्या तासाने दोन्हींत जांभळ्या पाण्याचे थेंब मोजून टाकले. पहिल्या पेल्यातले पाणी गुलाबी झाले आणि तसेच राहिले. दुसऱ्यात थेंब पडला की रंग विरघळून नाहीसा होई. सहा थेंब, दहा थेंब, पंधरा. पाणी पुन्हा पाण्यासारखे.

सावित्री मागच्या पडवीत सुपारी कातरीत बसली होती. जनार्दन पेला हातात घेऊनच तिच्यापुढे उभा राहिला. आपल्या आवाजात जरब आली आहे हे त्याला कळत होते, आणि दोष आपल्यावर येऊ नये म्हणून ती आली आहे हेही.

"फोटो किती पाण्यांतून काढतेस तू?"

"बारा," सावित्री म्हणाली. "वैशाखात तीन."

"तीन? वैशाखात तीन कुणी सांगितलं तुला?"

सावित्रीने अडकित्ता खाली ठेवला. "बरे आहात ना? तुम्हीच."

"मी?"

"त्या खोतांच्या मुलीच्या लग्नात. एकोणतीस साल. विहीर तळाला गेलेली, पोहरा खडकावर आपटत होता. पाचाला वऱ्हाड निघायचं आणि साडेचार झालेले. मी म्हटलं, अहो, बारा पाणी कुठून काढू? तर तुम्ही म्हणालात, तीनांत भागव, कागदाला काय तहान लागत नाही."

जनार्दनाने पेल्यातल्या पाण्याकडे पाहिले.

"पुढच्या वैशाखात मी पुन्हा विचारलं होतं. म्हटलं, पुस्तकात बारा लिहिलंय ना? तर तुम्ही खोतांचीच तसबीर बघून आला होतात. म्हणालात, वर्ष झालं, काय बिघडलं? मग मी विचारायचं सोडलं." तिने त्याच्या हातातल्या पेल्याकडे पाहिले. "काय झालंय?"

"काही नाही," तो म्हणाला, आणि लगेच म्हणाला, "नाही. झालंय."

त्याने तिला सगळे सांगितले. सांगताना तो तिच्याकडे न बघता पडवीतल्या रिकाम्या दोरीकडे बघत होता. ती दोष देईल असे त्याला वाटत होते. दिला असता तर बरे वाटले असते. तिने एवढेच विचारले, "त्या खोतांच्या मुलीचाही गेला असेल?"

"गेला असेल."

"ती बाळंतपणात गेली मागल्या साली," सावित्री म्हणाली, आणि सुपारीचे ताट उचलून आत निघून गेली.

पुढचे चार दिवस जनार्दनाने फारुकचा फोटो पुन्हा नव्या काचेवर उतरवून पाहिला. पिवळा रंग साध्या काचेवर गडद उमटतो, म्हणून आशा होती. एकदा सकाळच्या उन्हात घेतला, एकदा तिरप्या उजेडात, एकदा दुप्पट वेळ देऊन. टोपी ठसठशीत आली. कोटाची पाचही बटणे आली, आखूड बाहीची शिवण आली, भुवया आणि मिशी पूर्वीपेक्षा स्पष्ट झाल्या. त्यांच्यामध्ये काही आले नाही. जिथे चांदीचा कण उरलेलाच नाही तिथून काचेला काय मिळणार? रंगाचा ब्रश घेऊन डोळे, नाक भरता आले असते, गावोगावचे फोटोवाले भरतातही. पण ते डोळे फारुकचे नसते, आणि आता कुलसुमबीला आणखी एक खोटी गोष्ट द्यायची जनार्दनाची तयारी नव्हती. त्याने नवी प्रत बारा पाण्यांतून स्वतः धुतली आणि जांभळ्या पाण्याने तपासली. रंग टिकला.

राजिवड्याला तो सकाळी गेला. कुलसुमबी ओट्यावर सुपात तांदूळ पाखडत होती. त्याला बघून तिने पदर सारखा केला आणि आतून चटई आणून टाकली.

"काच गावली?" तिने विचारले.

"नाही. ती मी खरवडून धुतली. गेल्या वर्षी श्रावणात." हे वाक्य त्याने वाटेत ठरवले होते, आणखी काही ठरवले नव्हते. त्याने नवी प्रत तिच्यापुढे ठेवली. "एवढंच निघालं."

तिने प्रत हातात घेतली, जवळ नेली, लांब धरली. "कोट ताईच्या मुलाचा होता," ती म्हणाली. "आखूड झालेला." मग तिने मिशीवर बोट ठेवले.

"कुलसुमबी, मी खारी हवा म्हटलं ते खरं नव्हतं. तुमच्या पेटीनं काही झालं नाही."

"मग रमजान म्हणतो तसा?"

"तसंही नाही." आणि त्याने तिला कळेल असे सांगितले, कागदात राहिलेले मीठ, वैशाखातली विहीर, पाच वाजताची घाई. ती मधेमधे "हां" म्हणत होती. तांदळाचे सूप मांडीवर तसेच होते.

"म्हंजे माझ्या हातान नाय झाला?"

"नाही."

"गुन्ह्यान नाय?"

"नाही."

"लिवून द्या," ती म्हणाली. "रमजानला वाचता येतो. गेलं आठ दीस तो मना रोज सुनावतो. तुमचा कागद दाखवीन."

जनार्दनाने खिशातून कागद-पेन्सिल काढली, गुडघ्यावर वही टेकवली आणि चार ओळी लिहून तिला वाचून दाखवल्या. वैशाखात विहिरींचे पाणी आटते, लग्नाच्या हंगामात कामाची घाई असते, अशा वेळी फोटो पुरेसे न धुतल्यास त्यांतील हायपो कागदात राहतो व कालांतराने...

"ह्यात तुमी कुठं हाव?" कुलसुमबीने विचारले. तिच्या आवाजात राग नव्हता. समजून घ्यायचे होते. "पाणी आटला, बरा. घाई होती, बरा. पण कमी धुवायचा ठरवला कोणी? रमजान तोच विचारील."

जनार्दनाने तो कागद मिटून खिशात घातला. दुसरा घेतला आणि यावेळी सावकाश, बाळबोध अक्षरांत लिहिले :

'राजिवड्याच्या फारुकचा फोटो मी १९३१ सालच्या वैशाखात काढला. तो बारा वेळा धुवायला हवा होता. वेळेवर देता यावा आणि पाणी वाचावे म्हणून वैशाखातले सगळे फोटो तीनदाच धुवावेत असे मी घरी सांगितले होते. त्यामुळे त्याचा चेहरा गेला. ज्या काचेवरून पुन्हा फोटो निघाला असता ती काच मी धुऊन विकली. फोटो का गेला हे त्याच्या आईने विचारले तेव्हा मला माहीत नव्हते, आणि मी माहीत असल्यासारखे सांगितले. यात त्याच्या आईचा काही दोष नाही. — जनार्दन बिवलकर, फोटोग्राफर, रत्नागिरी.'